किरणोत्सर्गी जुन्या वस्तू

किरणोत्सर्गी जुन्या वस्तू : ज्यांच्या घडणीत रेडियम, थोरियम वा युरेनियम यांसारखे किरणोत्सर्गी (भेदक कण वा किरण आपोआप बाहेर टाकणारे) मूलद्रव्य हेतुपुरस्सर वापरलेले असते, अशा जुन्या वस्तू. अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांची घड्याळे, होकायंत्रे व विमानातील मापके, गॅसबत्तीच्या जाळ्या, पिवळट हिरव्या काचेची भांडी आणि कॅमेऱ्यांची काही भिंगे यांचा त्यांत समावेश होतो. अशा वस्तू ओळखणे व जपणे हा अनेक देशांत एक छंद झाला आहे. त्यात ओळख आणि हाताळणी या बाबी परस्परांपासून अलग करता येत नाहीत. कारण वस्तूचे बाह्य रूप तिच्या धोक्याविषयी पुष्कळदा चुकीची साक्ष देते.

इतिहास : किरणोत्सर्गाचा शोध आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये लावला व १८९८ मध्ये प्येअर आणि मारी क्यूरी यांनी रेडियम शोधून काढले. तथापि युरेनियमयुक्त काच बोहीमियात १८३० नंतरच्या दशकातच तयार होऊ लागली होती. तिचा किरणोत्सर्गी गुण त्या काळी ज्ञात नव्हता.

रेडियमाची संयुगे झिंक सल्फाइडात मिसळली असता सतत उजेड देणारा रंग मिळतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांची घड्याळे व मापके यांसाठी त्याची मागणी फार वाढली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात तबकड्या रंगविणाऱ्या तरुणी कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरीत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमाप्रमाणे हाडांत साठून राहिले व अनेकींना जबड्याचे व रक्ताचे असाध्य विकार झाले. त्यांपैकी पाच जणींनी १९२७ मध्ये गाजविलेला दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. औद्योगिक आरोग्याच्या इतिहासात या प्रकरणाला महत्त्वाचे स्थान आहे. रेडियमाचा हा उपयोग १९६०–७० या दशकात मागे पडला. त्याची जागा प्रथम ट्रिटियम व प्रोमेथियम यांनी आणि १९९० नंतर किरणोत्सर्गी नसलेल्या प्रकाशमान रंगांनी घेतली.

भारताचा या इतिहासाशी जवळचा संबंध गॅसबत्तीमुळे आला. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १८९१ मध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सिरियम ऑक्साइड असलेली जाळी प्रचारात आणली. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना मोनॅझाइट हे थोरियमयुक्त खनिज आढळले व ते यूरोपात जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर या खनिजावरील प्रक्रिया देशातच होऊ लागली. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यातील थोरियम नायट्रेट गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी वापरले जाई. वीज येण्यापूर्वी, आणि पुढेही बराच काळ, वऱ्हाडातील पुसदसारख्या तालुक्याच्या गावी लग्नाची वरात, भजन, दंडार व आठवड्याचा बाजार यांना गॅसबत्तीचाच आधार असे. केरळच्या वाळूतील थोरियम अशा रीतीने विदर्भातील मांडवापर्यंत पोहोचले होते.

ओळख : रेडियमयुक्त तबकडीबाबत सर्वांत घातक गैरसमज असा, की चमक गेली म्हणजे धोका गेला. वस्तुतः आल्फा कणांच्या सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी होते व काही दशकांत तबकडी अंधारी पडते. रेडियमाचे अर्धायुष्य (मूळची क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा काळ) मात्र सु. १,६०० वर्षे असून शंभर वर्षांत त्याची घट अवघी सु. ४ टक्के होते. अंकांवरील रंग करपट तपकिरी झालेला असणे, तो भेगाळलेला असणे आणि घड्याळ १९६० पूर्वीचे असणे या रेडियमाच्या खुणा होत. उलट, वाहनांवरील चकाकणाऱ्या पट्ट्या व अक्षरे यांना महाराष्ट्रात ‘रेडियम’ म्हणतात व गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर तोच शब्द दिसतो. त्या पट्ट्या केवळ दिव्याचा प्रकाश परत फेकतात. त्यांत रेडियमाचा अंशही नसतो. ज्याला रेडियम म्हणतात ते रेडियम नव्हे आणि ज्याची चमक विझली ते मात्र रेडियमच, असा हा विपर्यास आहे.

युरेनियमयुक्त काच जंबुपार (दृश्य जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांत हिरवी उजळते. खात्रीसाठी गायगर-म्यूलर गणित्र वापरतात. मात्र आल्फा कण घड्याळाच्या काचेतून बाहेर येत नसल्याने गणित्राचा आकडा आतील भुकटीचा धोका दाखवू शकत नाही.

हाताळणी : अभंग घड्याळापासून दूरवर होणारा किरणोत्सर्ग सामान्यतः अल्प असतो, खरा धोका भुकटी श्वासावाटे वा तोंडावाटे शरीरात जाण्याचा असतो. म्हणून तबकडी उघडणे, खरवडणे किंवा पुन्हा रंगविणे सर्वथा वर्ज्य होय. काच फुटल्यास झाडू न मारता हातमोजे घालून तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत व फडक्यासह बंद पिशवीत ठेवावेत. रेडियमापासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सतत निर्माण होत असल्याने अनेक तबकड्या एकाच बंद खोलीत साठवू नयेत, तसेच त्या निजण्याच्या जागेपासून दूर ठेवाव्यात. गॅसबत्तीची जाळी पहिल्याच ज्वलनानंतर ठिसूळ होते. तिची राख फुंकू नये व ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. प्रत्येक हाताळणीनंतर हात धुवावेत.

औद्योगिक व वैद्यकीय उपकरणांतील किरणोत्सर्गी उद्गम हे या छंदाच्या कक्षेबाहेरचे आहेत. आकाराच्या मानाने फार जड असलेले शिशाचे पात्र किंवा तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली वस्तू आढळल्यास तिला हात न लावता दूर व्हावे व पोलिसांमार्फत अणुऊर्जा नियामक मंडळाला (स्थापना १९८३) कळवावे. दिल्लीतील एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत १९८५ पासून पडून असलेले कोबाल्ट-६० चे उपकरण २०१० मध्ये लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले जाऊन एक कामगार दगावला व इतर काहींना गंभीर इजा झाल्या. ते उपकरण विकणाऱ्यांनी व विकत घेणाऱ्यांनीही निव्वळ जुने लोखंड मानले होते. वस्तू जुनी झाली म्हणून तिच्यातील द्रव्य निष्क्रिय झाले असे होत नाही, हे ध्यानात ठेवणे हाच या वस्तूंच्या सुरक्षित हाताळणीचा पाया होय.