भिंतीवरची माणसे आणि कागदाची मापे

वसई परिसरातील एखाद्या जुन्या कौलारू ख्रिस्ती घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर प्रथम नजरेस पडते ती येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. तिच्या खाली किंवा अंगाला आजे, पणजे आणि त्यांच्या मागोमाग गेलेली माणसे. या जुन्या तसबिरी बहुधा दाराच्या चौकटीहूनही उंच टांगलेल्या आणि पुढे झुकलेल्या असतात. त्यात शोभेचा भाग थोडा, सोयीचा अधिक. घरची माणसे जमिनीवर बसत, जपमाळही तिथेच बसून म्हणत. वर मान करून पाहणाऱ्याला झुकलेले चित्र सरळ दिसते आणि काचेवर दाराच्या उजेडाची तिरीपही येत नाही.

या तसबिरींकडे आम्ही आजवर नात्यांच्या डोळ्यांनी पाहत आलो. एकदा मोजपट्टी लावून पाहिली, तेव्हा ध्यानात आले की कोण केवढ्या कागदावर उमटावे याचाही एक इतिहास आहे, आणि तो सर्वस्वी निरुपद्रवी नाही.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जाहीर झाली. पुढे पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी एतद्देशीय मंडळीही तिच्यात होती. त्या काळी निगेटिव्ह काचेवर घेत आणि कागद तिला चिकटवून उन्हात धरीत. म्हणजे काच जेवढी, चित्र तेवढेच. चित्र मोठे हवे तर काच मोठी, कॅमेरा मोठा आणि दामही मोठा. साडेसहा गुणिले साडेआठ इंचांची काच म्हणजे फुल प्लेट, पावणेपाच गुणिले साडेसहाची हाफ प्लेट, सव्वातीन गुणिले सव्वाचारची क्वार्टर प्लेट. काचा गेल्या, तरी ‘फुल साईज’ आणि ‘हाफ साईज’ हे शब्द आमच्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी पुष्कळ काळ टिकून राहिले.

१८५४ मध्येच पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर आठ लहान चित्रे घेण्याचे पेटंट मिळवले. अडीच गुणिले चार इंचांच्या पुठ्ठ्यावर डकवलेली ही चित्रे स्वस्त पडत, म्हणून जगभर पसरली. १८६६ च्या सुमारास तिच्याहून मोठी, सव्वाचार गुणिले साडेसहा इंच पुठ्ठ्याची ‘कॅबिनेट’ आली. लहान कार्ड आल्बममध्ये ठेवायचे, कॅबिनेट कपाटावर उभी करायची. या नावातच ती कोठे शोभावी हे सांगितले आहे. भिंतीसाठी यांतले एकही माप नव्हते, कारण पाच हातांवरून चेहरा ओळखूच येत नसे.

आमच्या भागातून मुंबईला जाणारी आगगाडी १८६४ साली सुरू झाली. केळी, भाजी आणि विड्याची पाने घेऊन आमचे लोक शहरात जाऊ लागले. त्या शहरात पुढे १८९६ मध्ये राजा दीनदयाळ यांनीही आपला स्टुडिओ थाटला. अशा नामांकित दालनांत आमचे पूर्वज गेले असतील असे समजणे भाबडेपणाचे होईल. पण हाताशी चार पैसे आले की साध्या स्टुडिओत जाऊन कोट चढवून एक फोटो काढून घ्यावा, ही हौस हळूहळू आपल्याकडेही उतरली.

भिंतीवरची तसबीर खऱ्या अर्थाने शक्य झाली ती ब्रोमाइड कागदामुळे. हा कागद १८८० च्या दशकात प्रचारात आला. तो दिव्याच्या प्रकाशातही चित्र धरी, म्हणून लहान निगेटिव्हवरून दहा गुणिले बारा, बारा गुणिले पंधरा अशी मोठी प्रत काढणे सोपे झाले. आणि इथेच घराघरांतून एक निवड सुरू झाली. कर्ता पुरुष हयात असतानाच खुर्चीवर बसून फोटो काढून घेई. त्याची एन्लार्जमेंट ठसठशीत उतरे. घरच्या बाईचा वेगळा फोटो काढण्याचे मात्र कोणाला सुचत नसे. ती वारली की मग शोध सुरू होई, आणि कुठल्याशा लग्नाच्या ग्रुप फोटोतला तिचा मुगाच्या दाण्याएवढा चेहरा वाढवून वाढवून पतीच्या तसबिरीएवढा करीत. इतके ताणल्यावर उरते काय? पुसट डाग. मग चित्रकार कुंचल्याने डोळे, नाक, ओठ भरून काढी. आमच्या कित्येक आज्या एकमेकींच्या बहिणी वाटतात, त्याचे कारण रक्तात नसून त्या कुंचल्यात आहे.

दुसरी एक फसगत रंगाची. जुन्या काचांवरील रसायनाला निळा प्रकाश कळे, लाल मुळीच कळत नसे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने त्यावर रंगद्रव्याचा उपाय शोधला. सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात आल्या, आणि सामान्य स्टुडिओपर्यंत पोचायला त्यांना आणखी बराच काळ लागला. परिणामी आमच्या कुपारी बायकांचे लाल लुगडे त्या फोटोंत काळेभोर उमटले आहे. आजची नातवंडे ते शोकवस्त्र समजतात. उलट १९७० च्या दशकातील रंगीत फोटोंतला निळा अंश उडून गेल्यामुळे त्यांतली माणसे, भिंती, झाडे सारीच तांबूस झाली आहेत. कृष्णधवल पणजोबा मात्र बरेचसे शाबूत आहेत.

या साऱ्यांना भिंतीवर जागा नेमून दिली ती भक्तीने. पवित्र हृदयाची उपासना जुनीच. तिचे सर्वपरिचित चित्र रोमच्या जेझू देवळासाठी बातोनी या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवले. पण हे चित्र घरात समारंभपूर्वक मानाच्या जागी स्थापावे, ही चळवळ फादर मातेओ क्रॉली-बोव्ही यांनी १९०७ साली परमगुरू दहावे पायस यांच्या आशीर्वादाने सुरू केली. घराचा राजा येशू, म्हणून त्याची तसबीर सर्वांत वर व सर्वांत मोठी. एखाद्या घरी मुंबईहून हौसेने करवून आणलेला आजोबांचा फोटो त्याहून मोठा निघे आणि पंचाईत होई. मग आजोबा बाजूच्या भिंतीवर जात.

पुढे ३५ मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा सर्वत्र झाला. तिच्यावरील चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे, म्हणजे दोनास तीन या प्रमाणाचे. फुल प्लेटवरून दहा बाराची प्रत काढताना लांबीतला जेमतेम इंचभर भाग जाई. ३५ मिलिमीटरवरून काढायची तर चित्र दहा गुणिले पंधराचे होते, आणि त्यातले तीन इंच छाटावेच लागतात. फ्रेमवाल्यांकडे तयार चौकटी मात्र जुन्याच मापांच्या. देवळाच्या पायऱ्यांवरील लग्नाच्या ग्रुपमध्ये एका रांगेत पंधरा माणसे असतील, तर दोन्ही टोकांची मिळून तिघे या छाटणीत नाहीशी होतात. आणि टोकाला कोण उभे असते? संकोची विधवा मावशी, गरीब चुलतभाऊ, आदल्या दिवसापासून चुलीपाशी राबलेली शेजारीण. वधूवर मध्यभागी, त्यांना काय धोका! आठ गुणिले बाराचा कागद आणि त्याच मापाची फ्रेम सांगून करून घेतली असती, तर ही तीन माणसे भिंतीवर राहिली असती. आजच्या मोबाइलची चित्रे बहुधा तिनास चार या प्रमाणाची असतात. त्यांना सहा गुणिले आठ किंवा नऊ गुणिले बारा हे माप चपखल बसते, तरीही दुकानात चार गुणिले सहाच मागितले जाते.

फ्रेमविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आमच्या दमट हवेने जेवढे पूर्वज नेले तेवढे विस्मरणानेही नेले नसतील. फोटो काचेला थेट टेकला की पावसाळ्यात त्यावरचा जिलेटिनचा थर ओलावतो आणि काचेला कायमचा चिकटतो. फोटोभोवती जाड कागदाचा माउंट घालतात तो केवळ देखणेपणासाठी नव्हे. त्यामुळे काच व फोटो यांच्यात वारा खेळायला जागा राहते. मागचा स्वस्त पुठ्ठा आम्लधर्मी असतो आणि वर्षे लोटली की त्याचा तपकिरी डाग फोटोत उतरतो. पुठ्ठा नवा घालणे सोपे. पण चिकटलेला फोटो ओढून काढायचा मोह टाळावा. तसाच, काचेसकट, त्याचा पुन्हा फोटो घ्यावा.

आता कौलारू घरे पडत आहेत आणि फ्लॅटच्या भिंती खिडक्यांनी व कपाटांनी व्यापल्या आहेत. अशाच एका घराची आवराआवर चालू असता आम्ही एक सागवानी चौकट उघडली. वर मुलाच्या लग्नाचा फोटो होता. तो उचलला तर खाली, त्याच पुठ्ठ्यावर, एक हाफ प्लेट निघाली: मांडीवर मूल घेऊन बसलेली एक बाई. चौकट जुनी, म्हणून नवा फोटो तिच्यावरच बसवून दिला होता. मागे नाव नव्हते. घरातल्या सर्वांत वडील आजींना ते दाखवले. त्यांनी चष्मा पदराने पुसला, बराच वेळ पाहिले आणि मुलाचे नाव सांगितले. बाईचे नाव त्यांनाही आठवेना. अंगावर काळे का, असे नातीने विचारले, तेव्हा काळे नाही ग, लाल असणार, एवढे त्या म्हणाल्या.