झारकोव्हचं रॉकेट आणि मामाची पेटी

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं की इतिहासाच्या पॉडकास्टवर कॉमिक्स कशाला? त्याचं उत्तर आमच्या जानेफळमधल्या एका पत्र्याच्या पेटीत आहे. म्हणजे होतं. पेटी आता रद्दीत गेली.

जानेफळ म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकर तालुक्यातलं गाव. मी पाचवीत असताना, साधारण २००७ ची गोष्ट. दिवाळीत घराला चुना द्यायचा म्हणून सगळं सामान अंगणात काढलेलं आणि त्यात मामाची पेटी. आत जुनी बिलं, एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणि खाली इंद्रजाल कॉमिक्सचे पंधरा-वीस अंक. बहुतेक वेताळाचे, काही मँड्रेकचे, आणि एक फ्लॅश गॉर्डनचा. त्याला कव्हर नव्हतं आणि शेवटची पानंही नव्हती. रॉकेट, काळं आकाश, एक पिळदार माणूस, एक दाढीवाला शास्त्रज्ञ. मी तो अंक किती वेळा वाचला असेल याचा हिशोब नाही. मामाला विचारलं, शेवट काय झाला? मामा म्हणाला, "मलेच मायीत न्हाय लेका. माह्याकडं आला तव्हाच फाटका होता."

आता आधी इंद्रजालबद्दल थोडं, कारण तुमच्यातल्या अनेकांनी नाव ऐकलं असेल पण अंक हातात धरला नसेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून ही मालिका सुरू केली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि आणखी काही भारतीय भाषांत ती निघायची. १९९० ला बंद पडली, तोवर आठशेच्या आसपास अंक झाले होते. सुरुवात वेताळापासून, म्हणजे ली फॉकच्या फँटमपासून. यात एक गंमत बघा. मूळ कथेत वेताळाचा देश 'बंगाला' होता, ते ऐकून बंगाल आठवणार म्हणून इथे त्याचं 'डेंकाली' केलं गेलं. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांचा. पण या सगळ्या मंडळींमध्ये खरंखुरं अवकाशात जाणारा मुख्यत्वे एकच, फ्लॅश गॉर्डन.

मी त्याला पूर्ण विसरलो होतो. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. मग २६ सप्टेंबर २०२२ च्या रात्री, आपल्याकडे २७ तारखेची पहाट, नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं गेलं. मी लाइव्ह बघत होतो. स्क्रीनवर तो दगड मोठा मोठा होत गेला, मग अर्धवट आलेलं एक चित्र आणि पुढे लाल. सिग्नल बंद. आणि मला एकदम वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय.

शोधत शोधत फ्लॅश गॉर्डनच्या पहिल्या पानापर्यंत पोचलो. ७ जानेवारी १९३४, रविवार. चित्रकार अ‍ॅलेक्स रेमंड, वितरक किंग फीचर्स. हे पान अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या रंगीत पुरवणीत आलं. त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी, ७ जानेवारी १९२९ ला, बक रॉजर्सची चित्रपट्टी सुरू झाली होती. ती चालली म्हणून किंग फीचर्सला स्पर्धक हवा होता. एवढा साधा धंद्याचा हिशोब.

आता ते पहिलं पान. एक अनोळखी ग्रह पृथ्वीवर येऊन आदळणार आहे. न्यूयॉर्कमध्ये लोक बातम्या बघतायत, आफ्रिकेच्या जंगलात ढोल वाजतायत, वाळवंटात एक अरब प्रार्थनेला बसलाय. तिकडे डॉ. हान्स झारकोव्ह प्रयोगशाळेत झोप सोडून काम करतोय. एका विमानात फ्लॅश आणि डेल आर्डेन. फ्लॅश कोण? येलचा पदवीधर आणि पोलोपटू. (जगाला वाचवायला पोलोपटू! आमच्याकडे कबड्डीवाला तरी घेतला असता.) आकाशातून आलेली उल्का विमानाचा पंख उडवते, फ्लॅश डेलला घेऊन पॅराशूटने उडी मारतो, आणि दोघं उतरतात ते झारकोव्हच्या दारात. डोकं फिरलेला झारकोव्ह पिस्तूल रोखून दोघांना रॉकेटमध्ये कोंबतो. त्याची योजना काय? रॉकेट थेट त्या ग्रहावर आदळवायचं आणि त्याचा मार्ग वळवायचा.

थांबा. परत वाचा. १९३४ मध्ये रविवारच्या पुरवणीत डार्टची कल्पना.

अर्थात इंजिनिअर म्हणून मला गप्प बसवत नाही. डिमॉर्फोस जेमतेम १६० मीटरचा. डार्ट आदळताना त्याचं वजन सहाशे किलोच्या आत-बाहेर, वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या वर. परिणाम काय, तर डिमॉर्फोसची मोठ्या भावाभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून साधारण ३२-३३ मिनिटांनी कमी झाली. वेगातला फरक सेकंदाला काही मिलिमीटर. १६० मीटरच्या दगडाला एवढंच हलवता आलं तर अख्ख्या ग्रहाला झारकोव्हचं रॉकेट म्हणजे बैलगाडीला धडकलेला डास. पण कल्पना बरोबर होती, आकडे चुकले होते. आमच्या ऑफिसमधल्या अर्ध्या प्रोजेक्टबद्दल हेच म्हणता येईल.

आणि मग मला दुसरी गोष्ट लागली. लोणार.

जानेफळहून लोणार म्हणजे एसटीने तास-दीड तास. शाळेची सहल प्रत्येकाची तिथेच जाते. आम्ही गेलो, दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं, लवणासुराची गोष्ट ऐकली, सरोवराच्या खारट पाण्याचा वास आला म्हणून नाक दाबलं आणि डबा खाल्ला. हे खरंच आकाशातून पडलेल्या दगडाने झालेलं विवर आहे, हे कोणी एका वाक्यात सांगितलंही असेल, पण माझ्या डोक्यात गेलं नाही. घरी येऊन मी परत तोच फाटका अंक काढला आणि आकाशातून दगड पडणं ही अमेरिकेतली गोष्ट आहे असं समजत राहिलो.

खरा इतिहास असा. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये लोणारची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं वाद. सगळा दख्खन लाव्हाचा, मग हे ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं अनेकांना वाटायचं, आणि ते वाटणं काही मूर्खपणाचं नव्हतं. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा एक निबंध 'सायन्स' मासिकात आला. विवरात ड्रिलिंग करून काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडलं होतं. हे काच झालेलं फेल्डस्पार खनिज प्रचंड धक्क्याच्या दाबाने तयार होतं, आणि असा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. वाद मिटला. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. बसाल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर विरळाच, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक इथे येतात. वयाबद्दल मात्र आकडे बदलले. आधी पन्नास हजार वर्षं म्हणत, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास आलं.

म्हणजे मामा त्याच्या लहानपणी तो अंक वाचत होता तेव्हा लोणारचा निकाल नुकताच लागला होता, आणि त्याला दोन्हीतलं काही कोणी जोडून दाखवलं नाही. मलाही नाही.

आता जो भाग मला रेकॉर्ड करताना अवघड गेला तो. पुन्हा वाचताना फ्लॅश गॉर्डन सगळाच आवडत नाही. त्या ग्रहाचं नाव मोंगो, तिथला दुष्ट सम्राट मिंग. पिवळी कातडी, लांब मिशा, लांब नखं. पाचवीत मला तो नुसता खलनायक वाटला, आपल्या रावणासारखा. आज दिसतं की तो त्या काळच्या अमेरिकेची आशियाई माणसाबद्दलची भीती आहे. चिनी मजुरांना बंदी घालणारा १८८२ चा कायदा तेव्हा लागू होता, तो १९४३ मध्ये उठला. आपलंही वेगळं नव्हतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणसाला नागरिकत्व देता येणार नाही. तो दरवाजा १९४६ ला उघडला. माझ्या कॉलेजच्या बॅचमधली कितीतरी पोरं आज तिकडे व्हिसावर आहेत. रेमंडचं ते सुंदर पान छापलं जात होतं तेव्हा त्यांच्यासाठी त्या देशात मिंगच्या बाजूची जागा होती, फ्लॅशच्या नाही.

आणि चित्रं सुंदर आहेतच, हे नाकारून कसं चालेल? रेमंडचा ब्रश पाहिला की कळतं की नंतरच्या इतक्या चित्रकारांनी त्याची नक्कल का केली. १९७० च्या दशकात जॉर्ज लुकासला फ्लॅश गॉर्डनचाच सिनेमा करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने स्वतःची गोष्ट लिहिली. १९७७ चा स्टार वॉर्स.

मराठीत याच प्रश्नाला वेगळं उत्तर मिळालं, तेही सांगतो. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. त्यांची 'धूमकेतू' वाचा. तिथेही आकाशातून संकट येतंय, पण पिस्तूल घेतलेला एकटा झारकोव्ह नाही. हौशी निरीक्षक आहे, गणितं करणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि घरी यज्ञ करणारी माणसंही आहेत. मला विचाराल तर विज्ञान नारळीकरांकडे जास्त आहे. पण पाचवीतल्या पोराला मी आधी फ्लॅशच देईन.

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा फोनवर रेमंडची पानं उघडून मामाला दाखवली. इंग्रजी येत नाही, म्हणून मी वाचून सांगत होतो. मामा चष्मा वर करून म्हणाला, "हा आपला नाय रे. आपला याच्याहून साधा काढेल होता." त्याचं बरोबर आहे. इंद्रजालमध्ये आलेला फ्लॅश बराचसा डॅन बॅरी या नंतरच्या चित्रकाराचा. म्हणजे आमच्या फाटक्या अंकाचा शेवट या पानांत मिळणारच नव्हता. मी ते सांगितलं. मामा थोडा वेळ गप्प बसला.

मग रॉकेट ग्रहाकडे झेपावतंय त्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "मंग थांबला काऊन? पुढचं पान काढ ना."