दंड, दान आणि दहशत

आमच्या वस्तीतल्या विहारात महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग भरतो. मागे एका बैठकीत कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण उठून म्हणाला, "काका, आपली माणसं गुन्हेगाराच्या हक्कांच्या गोष्टी फार करतात. पण अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये आरोपी सुटतो, तेव्हा रडावं आपल्यालाच लागतं ना? मग अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव म्हणतात तसं आपण का म्हणू नये? गुन्हेगाराला दया नाही, दहशतवाद्याशी बोलणी नाहीत, फुकटची मदत नाही!" प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्या घरावर रात्री जमाव चालून येतो त्याला पोलीस हवाच असतो. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

'कॉन्झर्व्हेटिव' या शब्दापाशीच पहिली अडचण आहे. ब्रिटनमधल्या या नावाच्या पक्षाला आपली जुनी वर्तमानपत्रे 'हुजूरपक्ष' म्हणत. अमेरिकेतल्यांना ती 'पुराणमतवादी' म्हणतात. पण हे लोक काही पोथी उघडून बसलेले भटजी नव्हेत. आहे ती समाजरचना पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, तिला सरकारने हात लावला की बिघाडच होतो, असे मानणारे ते लोक आहेत. मी त्यांना स्थितिवादी म्हणतो. या विचाराचा मूळपुरुष एडमंड बर्क. धर्म हा समाजाचा पाया आहे हे बर्कचे म्हणणे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मान्यतेने उद्धृत केले आहे, हे आपल्यातले पुष्कळजण विसरतात. तेव्हा नुसत्या शिव्या देऊन या विचाराची वासलात लागत नाही. त्याचा हिशेब तपासावा लागतो.

अमेरिकेतला आधुनिक स्थितिवाद आकाराला आला तो १९५५ साली विल्यम बकली यांनी काढलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाभोवती. ऑगस्ट १९५७ मध्ये या पत्राच्या संपादकीयाने प्रश्न घेतला : दक्षिणेत जिथे गोरे संख्येने कमी आहेत तिथेही राजकीय वर्चस्व त्यांनी ठेवावे काय? उत्तर दिले, होय. कारण तूर्त तोच पुढारलेला वंश आहे. संख्येपेक्षा संस्कृती मोठी! आपल्या कानांना ही भाषा नवी नाही. काळ्यांना समता आपोआप, हळूहळू येईल असे आपण मानत होतो, ते चुकले, केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता, असे बकली यांनी पुढे उतारवयात कबूल केले. पण मधल्या काळात काय झाले?

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात सोळाव्या रस्त्यावरच्या काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये डायनामाइटचा स्फोट झाला. चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. बॉम्ब ठेवणारे कु क्लक्स क्लानचे होते. त्या शहरात काळ्यांच्या घरांवर आणि प्रार्थनास्थळांवर इतके बॉम्ब पडत की लोक त्याला 'बॉम्बिंगहॅम' म्हणत. संशयितांची नावे एफ.बी.आय.ला दोन वर्षांच्या आत ठाऊक झाली होती. तरी १९६८ मध्ये खटला न भरता त्या खात्याने प्रकरण मिटवले. पहिला आरोपी दोषी ठरला १९७७ साली, दुसरा २००१ साली, तिसरा २००२ साली. अकरा वर्षांची ती मुलगी जगली असती तर तिसऱ्या निकालाच्या वेळी पन्नाशीची झाली असती.

याला दहशतवाद म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? एका संपूर्ण समाजाने मत मागू नये, शाळा मागू नये, म्हणून त्याच्या पोरी मारायच्या. शब्दाची व्याख्या तंतोतंत लागू पडते. पण पुढच्या वर्षी, जुलै १९६४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी स्वीकारताना बॅरी गोल्डवॉटर रस्त्यावरच्या हिंसेविषयी आणि असुरक्षित नागरिकाविषयी बोलले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे क्लानचा डायनामाइट नव्हता. मोर्चे काढणारे, दंगल करणारे काळे होते. गोल्डवॉटर वैयक्तिक जीवनात वंशद्वेष्टे नव्हते हे सांगितले पाहिजे. आपल्या राज्यातल्या हवाई दलाच्या राखीव तुकडीतला वर्णभेद त्यांनी स्वतः मोडला होता. तरी त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिले. कारण तात्त्विक : हॉटेलवाल्याने कुणाला जेवू घालावे हे केंद्राने सांगू नये. ते निवडणूक सपशेल हरले. पण स्वतःच्या अ‍ॅरिझोनाखेरीज जी पाच राज्ये त्यांनी जिंकली ती मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायना. जिथे काळ्याला मतदानाच्या केंद्राजवळ फिरकू देत नव्हते तीच ही राज्ये. तत्त्व कोणाच्या उपयोगी पडले ते मतदारांनी ओळखले होते.

पुढे १९६८ मध्ये निक्सन यांनी 'कायदा आणि सुव्यवस्था' हाच प्रचाराचा शब्द केला आणि ते निवडून आले. त्या शब्दाचे सोंग उघडे पडावे असा प्रसंग मात्र त्याआधीच कॅलिफोर्नियात घडून गेला होता, आणि त्याच्याशी आपले नाते आहे. १९६६ साली ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. सहा वर्षांनी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या मंडळींनी मुंबईत उचलले ते हेच नाव. ओकलंडचे पँथर करीत काय? कायद्याने परवानगी असलेली बंदूक उघडपणे हातात घेऊन, पोलीस काळ्या माणसाला अडवीत तेव्हा बाजूला उभे राहून पाहत. हातात बंदुकीबरोबर कायद्याचे पुस्तकही असे. शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क हा तर अमेरिकन स्थितिवाद्याचा जीव की प्राण. पण हा हक्क काळ्यांनी बजावताच मलफर्ड नावाच्या रिपब्लिकन आमदाराने भरलेली बंदूक उघड्यावर बाळगण्यास बंदी घालणारे विधेयक आणले. निषेधासाठी २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. विधेयक झटपट मंजूर झाले. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन.

डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत पँथरांचा एकवीस वर्षांचा पुढारी फ्रेड हॅम्प्टन पहाटेच्या छाप्यात अंथरुणातच मारला गेला. पोलिसांच्या ऐंशीहून अधिक गोळ्या, पँथरांच्या बाजूने बहुधा एकच, असे पुढे केंद्रीय ग्रँड ज्यूरीच्या चौकशीत निघाले. खोलीचा नकाशा एफ.बी.आय.च्या खबऱ्याने पुरवला होता. त्या छाप्यामागचा सरकारी वकील मात्र डेमोक्रॅट होता, ही नोंद टाळू नये. दंडाची ही भाषा स्थितिवाद्यांनी घडवली. ती बोलायला मग सगळेच शिकले. १९९४ चा कडक गुन्हेगारी कायदा क्लिंटन यांचा.

तुरुंगांचे आकडे पाहा. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या राज्य आणि केंद्रीय तुरुंगांत दोन लाखांच्या आतबाहेर माणसे होती. चाळीस वर्षांत ती पंधरा लाखांवर गेली. यातले एकच कलम घ्या. १९८६ च्या अमली पदार्थ कायद्याने पाच ग्रॅम 'क्रॅक' विक्रीसाठी बाळगणाऱ्याला किमान पाच वर्षे सक्तीची शिक्षा ठरवली. कोकेनची भुकटी असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी पाचशे ग्रॅम लागत. माल मुळात एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत केंद्रीय न्यायालयांतून शिक्षा झालेले बहुसंख्य लोक काळे होते. मनूने दंड वर्ण पाहून सांगितला होता. या कायद्यात वर्णाचा उल्लेख नाही, वजन तराजूने केलेले आहे. २०१० साली हे शंभरास एक प्रमाण अठरास एक करण्यात आले. ते अठरा तरी का, हे मला कुठे सापडले नाही.

आता देशाबाहेर पाहू. जानेवारी १९८१ मध्ये रेगन यांचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी जाहीर केले की मानवी हक्कांच्या जागी आता आंतरराष्ट्रीय दहशतवाद हा अमेरिकेच्या चिंतेचा विषय राहील. त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत याच शब्दाचा एक कायदा चालू होता. १९६७ च्या 'टेररिझम अ‍ॅक्ट'खाली कोणालाही खटल्यावाचून, बेमुदत डांबता येई. स्टीव्ह बिको याच कायद्याखाली पकडले गेले आणि १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात मेले. त्याआधी, १९६० साली, शार्पव्हिलला पासाविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळ्या घालून ६९ माणसे मारली गेली होती. गोळ्या घालणारे सरकार होते, म्हणून ती सुव्यवस्था.

रेगन यांनी जुलै १९८६ च्या भाषणात वर्णभेदाला चूक म्हटले, पण त्याच भाषणात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या काही गटांवर ठरवून दहशत माजवल्याचा ठपका ठेवला आणि आर्थिक निर्बंधांना विरोध केला. काँग्रेसने निर्बंधांचा कायदा केला, तो त्यांनी नकाराधिकाराने परत पाठवला. सप्टेंबरच्या अखेरीस प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि ऑक्टोबरमध्ये सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकार मोडून काढला. रेगन यांच्याच पक्षाचे सिनेटर रिचर्ड लुगर त्यात पुढे होते. सगळे स्थितिवादी एका माळेचे मणी नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने शस्त्र उचलले होते, तिच्या बॉम्बांनी निरपराधही मेले, हेही खरे. पण शस्त्र उचलले हाच निकष होता काय? १९८५ मध्ये रेगन यांनीच निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांना अमेरिकेच्या राष्ट्रपुरुषांच्या नैतिक बरोबरीचे म्हटले होते. जानेवारी १९८६ मध्ये अंगोलातले बंडखोर सविंबी, ज्यांच्या पाठीशी दक्षिण आफ्रिकेचे वर्णभेदी सरकार होते, व्हाइट हाउसमध्ये सन्मानाने आले आणि क्षेपणास्त्रे मिळवून गेले. मंडेला १९९० मध्ये सुटले, १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या यादीतून त्यांचे नाव निघाले २००८ साली. तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

राहिला मदतीचा प्रश्न. दुसऱ्या देशातल्या लोकांचे कल्याण करण्याचा अमेरिकन सरकारला हक्कच नाही, असे गोल्डवॉटर यांनी १९६० मध्येच लिहिले होते. अपवाद एकच, साम्यवादाशी लढणाऱ्या मित्राचा. या विचाराला अर्थशास्त्राचे बळ दिले ते लंडनच्या पीटर बाऊर यांनी. मदत सरकारकडून सरकारला जाते, म्हणून ती गरिबाला नव्हे तर गरिबावर राज्य करणाऱ्याला बळकट करते, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटतो. साठीच्या दशकात पी.एल. ४८० खाली अमेरिकेचे धान्य आले, ती तांबडी मिलो आमच्या गावीही आली. तिची भाकरी थापताना तुटे, आई पाण्याचा हात लावून लावून ती तव्यावर नेई. पण धान्य अमेरिकेचे असले तरी माप गावातल्याच एका वजनदार माणसाच्या हातात होते, आणि महारवाड्याचा नंबर लागे तोवर पोते तळाला गेलेले असे. बाऊर यांना हा वाडा ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यांची टीका तिथे लागू पडते.

फक्त त्यांच्या शिष्यांनी ती तशी वापरली नाही. झाईरचे मोबुटू देश लुटत होते हे जगजाहीर असताना त्यांना मदत चालू राहिली, रेगन यांनी त्यांचे स्वागत केले. कारण ते साम्यवादविरोधी होते. मदत म्हणजे पैसा बिळात घालणे असे म्हणणारे सिनेटर जेसी हेल्म्स मंडेलांच्या देशावरच्या निर्बंधांनाही आडवे आले आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या जयंतीच्या सुटीलाही. (गंमत अशी की याच हेल्म्स यांनी २००२ मध्ये आफ्रिकेतल्या एड्सग्रस्त मातांच्या बाळांसाठी पन्नास कोटी डॉलर मागितले, आणि पुढच्या वर्षी बुश यांनी एड्ससाठी पाच वर्षांत पंधरा अब्जांची योजना सुरू केली. माणूस कधी कधी आपल्या विचारापेक्षा बरा निघतो.) २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदतीचे ते खातेच मोडून टाकले. पैसा कोणाच्या हातातून जातो, हा बाऊरांचा प्रश्न कोणी विचारला नाही. पोतेच बंद केले.

आता त्या तरुणाकडे वळतो. कडक शिक्षा मागू नकोस असे मी त्याला म्हणणार नाही. बर्मिंगहॅमच्या आईबापांनी चौदा वर्षे दुसरे काय मागितले? पण त्यांना शिक्षा कडक नव्हती म्हणून न्याय मिळाला नाही, असे नव्हते. खुनाला जबर शिक्षा अलाबामात तेव्हाही होती. खटलाच उभा राहिला नाही. आणि ज्या समाजाला बळी म्हणून कायदा सापडला नाही, त्यालाच आरोपी म्हणून तो पाच ग्रॅमला सापडला. आपल्या तुरुंगांतही पाच कैद्यांत एकाहून थोडे अधिक अनुसूचित जातींचे निघतात. लोकसंख्येत आपण सहांत एक आहोत. शिक्षेचे वर्ष वाढले की ते आधी कोणाच्या वाट्याला येते, हा हिशेब मांडायला अमेरिकेला जावे लागत नाही. टेक्सासच्या स्थितिवाद्यांनाही २००७ मध्ये नवे तुरुंग बांधण्यापेक्षा व्यसनमुक्तीवर पैसा घालणे स्वस्त वाटले, तेव्हा कडकपणा हे त्यांचेही अखेरचे उत्तर राहिले नाही.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात चौथे कलम आहे. कर्तव्यात जाणूनबुजून हयगय करणाऱ्या सरकारी नोकराला त्यात सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. गुन्हा नोंदवून न घेणारा ठाणेदार त्यात येतो. आपल्या जिल्ह्यात हे कलम आजवर किती जणांना लागले, याची माहिती काढून आणायला मी त्याला सांगितले आहे. पुढची बैठक पौर्णिमेला आहे.