मांडवीतली बोटफेरी : तिकीट काढण्याआधी एवढं बघा

बेळगाव-खानापूरकडून चोर्ला घाटाने पणजीला गेलेली मंडळी संध्याकाळी हमखास मांडवीतल्या बोटीवर जातात. ही नदी मूळची आपलीच. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानातून म्हादई म्हणून निघते, पणजीत मांडवी होते.

कुठून, किती वेळ : बोटी मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका जेटीवरून सुटतात. फेरी साधारण तासाभराची. काठावर जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, पलीकडे रेइश मागूशचा किल्ला दिसतो. डेकवर देखणी, फुगडी आणि पोर्तुगीज वळणाचे नाच होतात.

तिकिटात काय : सहसा फेरी आणि कार्यक्रम एवढंच. पेयांचे पैसे बारवर वेगळे, म्हणून दर आधी विचारा. गोव्यात मद्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात.

कॅसिनो वेगळा : त्याच नदीत कॅसिनोच्या बोटीही उभ्या असतात. तिथे २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मुलंबाळं सोबत असतील तर एजंटाकडून तिकीट घेताना बोट कोणती, वेळ काय, हे तिकिटावरच बघून घ्या.

परतीचं काय : गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय रात्रीच्या घाटातली वळणं कुणालाच माफी देत नाहीत. सगळ्यांनाच घ्यायची असेल तर मुक्काम पणजीतच करा.