टनेज आणि उतारा : दूरचित्रवाणीवरच्या कबड्डीची किंमत

आजचा विषय कबड्डीचा आहे, पण सुरुवात उसापासून करू या. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, दोन शब्द घरोघरी रुळले आहेत : टनेज आणि उतारा. काट्यावर ऊस किती भरला ते टनेज, आणि त्यातून साखर किती निघाली तो उतारा. नुसत्या टनेजवर दर ठरत नाही, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. खेळाच्या प्रेक्षकांचा हिशेब मात्र आपण अजून नुसत्या टनेजवर करतो, असं आम्हाला वाटतं. तेच आज तपासू या.

आधी खेळ कोणता ते पाहू. कबड्डी पूर्वी एक नव्हतीच. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालात हाडुडु, दक्षिणेत चेडुगुडु. नियमांचेही पंथ होते. संजीवनीत बाद झालेला गडी परत जिवंत होतो. गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत तो बाहेर बसतो. अमर प्रकारात बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजले जातात. पंजाबात तर वर्तुळाकार मैदानावरची कबड्डी, तिचा बाजच वेगळा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला आणि प्रमाण नियम संजीवनीच्या वळणाने गेले. बुवा साळवींसारख्या संघटकांनी पुढे तो देशभर नेला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय होती, १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाची झाली. भारत सुवर्णपदकं आणत राहिला, पण रोज संध्याकाळी टीव्हीवर कबड्डी लावायची, असं कुणाच्या मनात नव्हतं.

मग २६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांची मशाल स्पोर्ट्स ही कंपनी, आणि प्रक्षेपण स्टारचं. आठ संघ, पाच आठवडे. हंगाम संपल्यावर आकडा जाहीर झाला : ४३.५ कोटी प्रेक्षक! त्या वर्षी आयपीएलचा आकडा ५५-५६ कोटींच्या घरात होता. ऑक्टोबरात फुटबॉलची इंडियन सुपर लीग आली, तिचा आकडा ४२.९ कोटी. म्हणजे टनेजमध्ये कबड्डी आणि फुटबॉल बरोबरीला, क्रिकेटही फार पुढे नाही.

आता इथे थांबून विचारायला हवं, की काटा कुणाचा? त्या वेळी मोजणी टॅम या संस्थेकडे होती आणि तिची यंत्रं शहरांतल्या घरांत होती. खेड्यांचे आकडे ‘बार्क’ या नव्या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून द्यायला सुरुवात केली. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातली दर पाचातली चार माणसं खेड्यात राहतात. म्हणजे ज्या घरांत कबड्डी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती, त्या घरांचा ४३.५ कोटींतला वाटा मोजलेला नव्हता, फार तर अंदाजाने धरलेला होता. दुसरं असं, की या एकूण आकड्यात क्षणभर चॅनेल लावून पुढे गेलेला माणूसही येतो आणि चाळीस मिनिटं खिळून बसलेलाही. दोघांची नोंद एकच.

उतारा कळतो तो सौद्यात. २०२१ साली प्रो कबड्डीचे पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क स्टारनेच ९०८.७ कोटींना घेतले, म्हणजे हंगामाला साधारण १८२ कोटी. आयपीएलचे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क गेले होते १६,३४७.५ कोटींना. प्रेक्षकांत सव्वापट-दीडपटीचा फरक आणि किमतीत अठरा पटींचा! हे असं का?

एक कारण अगदी साधं आहे. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर जाहिरातीला जागा मिळते, आणि सामना तीन तासांहून जास्त चालतो. कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये छोटी विश्रांती. खेळ जितका सलग, तितकी जाहिरात कमी. दुसरं कारण गिऱ्हाइकांचं. क्रिकेटच्या लिलावात मोठी घराणी एकमेकांवर बोली चढवतात. इथे २०१५ पासून मशालमध्ये ७४ टक्के वाटा स्टारचा होता. विकणारा आणि घेणारा एकाच वाड्यातले असले, तर बाजारभाव कळायचा कसा?

आणि टनेज टिकतंच असंही नाही. २०१४ ला कबड्डीच्या बरोबरीने असलेल्या फुटबॉल लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये निविदा निघाली, तेव्हा एकही बोली आली नाही.

आता खेळाचं काय झालं? कॅमेऱ्याला हवी तशी कबड्डी घडवली गेली. माती गेली, मॅट आली. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली तर जादा गुण. आयताकृती मैदान १३ बाय १० मीटरचं, एका चौकटीत मावणारं, छताखाली, रात्रीच्या वेळी. पंजाबची वर्तुळाकार कबड्डीही टीव्हीवर होती. २०१० पासून तिचे विश्वचषक झाले, पण तिला मोकळं मैदान लागतं. मात्र नुसते नियम आणि मॅट पुरत नाहीत. मे २०१९ मध्ये पुण्याच्या बालेवाडीतून दुसरी एक लीग सुरू झाली, आणि ती एका हंगामापुढे गेली नाही.

या बदलात फायदा झालाच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. २०१४ च्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२.८० लाख मिळाले होते. दहाव्या हंगामात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने करंडक उचलला, तेव्हा कर्णधार होता आपल्याच जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. टीव्ही नसता, तर त्याचं नाव तालुक्यापलीकडे किती गेलं असतं?

पण ज्या मातीत असे खेळाडू तयार होतात, ती मॅटच्या हिशेबात कुठे बसते? १८२ कोटींतला किती भाग तालुक्याच्या मैदानापर्यंत पोहोचतो? उसाचा काटा मारला तर शेतकरी कारखान्याच्या दारात उभा राहतो, कारण माल आपला आहे हे त्याला माहीत असतं. कबड्डी पाहणारा आणि कबड्डी घडवणारा गाव मात्र आपलाही माल तिथे गेलाय, हे अजून धरूनच चालत नाही. पुढचा करार होईल तेव्हा निदान टनेज आणि उतारा दोन्ही विचारू या, आणि काटा कुणाचा आहे तेही.