तळटीप : ल्यूसीची फिलिग्री परडी
१. ही परडी वेताची नव्हे, कागदाची. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या (१८११) काळात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या बायका हे काम हौसेने करत, आपल्याकडे आज क्विलिंग म्हणून शिकवतात ते हेच. दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी सुईवर घट्ट गुंडाळायची, किंचित सैल सोडून टोक चिकटवायचे. वळ्याची एक बाजू चिमटली की पाकळी होते, दोन्ही बाजू चिमटल्या की पान. फुलातल्या केसरांसाठी पट्टीची कड आधी बारीक कातरून घेतात. अशी वळी पुष्कळ लागतात आणि एकटीच्या हाताने ती लवकर होत नाहीत. म्हणून कादंबरीत एलिनॉर पत्ते सोडून ल्यूसीसाठी कागद गुंडाळायला बसते, ते कोणालाच खटकत नाही. ऑस्टिनने हा प्रसंग फार हुशारीने रचला आहे: मेरिअॅनच्या पियानोआड एलिनॉर आणि ल्यूसी यांना एडवर्डविषयी बोलता येते.