पंडरीतली ब्लेडची पाकिटं

सध्याचा मुक्काम रायपूर. पलटण सोडून एनसीसीच्या पोस्टिंगवर आलो त्याला दीड वर्ष झालं. फौजेतल्या वाचकांना हे काम सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की कॉलेजच्या पोरापोरींना ड्रिल आणि रायफल शिकवायची, कॅम्प काढायचे आणि परेडला कोण कसा आला ते बघायचं. या बघण्यातच माझी चूक झाली, म्हणून हा लेख.

सेकंड इयरचा एक कॅडेट, बलौदाबाजारकडचा. पाय चांगला आपटतो, आवाज खणखणीत. पण दाढी वाढलेली. एकदा रांगेतून बाहेर काढला आणि समजावलं. दुसऱ्यांदा बाहेर काढला तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, जरा जास्तच बोललो. तिसऱ्या परेडला पोरगा आलाच नाही, चौथ्यालाही नाही. हजेरी कमी पडली की 'सी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि भरतीच्या वेळी त्या कागदाची किंमत किती ते इथल्या पोरांना चांगलं माहीत असतं. तरीही तो आला नाही.

पुढे एका संध्याकाळी घरच्यांसाठी साडी घ्यायला पंडरीला गेलो. पंडरी म्हणजे रायपूरचा कपडा बाजार. एका दुकानात थानांची चळत लावत होता तोच पोरगा. मला बघून सावधानमध्ये उभा राहिला, हातात साडीच्या घड्या. ट्यूबलाइटच्या उजेडात त्याचा गळा दिसला. जबड्याखाली लाल पुळ्यांचं रान, काही ठिकाणी खपल्या. म्हणाला, "सर, रोज करता हूँ तो गला छिल जाता है।" मी विचारलं, कशाने करतोस? पाच पात्यांच्या कार्ट्रिजने. आणि ते महाग, म्हणून एकच कार्ट्रिज दोन-दोन महिने चालवायचं.

मला साडीचा रंग सुचेना. ज्याला मी आळशी म्हणालो होतो तो आज्ञा पाळायला जाऊन रक्त काढत होता.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं ते असं: केस कुरळा आणि राठ असला की कापलेलं टोक वळून परत कातडीत घुसतं आणि तिथे पुळी येते. ओळीने पाच पाती असलेला रेझर हे काम आणखी सोपं करून देतो. पहिलं पातं केस थोडा ओढतं, तो मागे जाण्याआधी पुढचं पातं कापतं, आणि उरलेलं टोक कातडीच्या पातळीखाली राहतं. काही दिवस वस्तरा लावू नको आणि मग एकाच पात्याने, न दाबता कर, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकेच्या फौजेत काळ्या सैनिकांना हाच त्रास मोठ्या प्रमाणावर झाला, म्हणून तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर दाढीची सूट मिळू लागली. आमच्याकडे शिखांना दाढी असते, नौदलात परवानगी घेऊन ठेवता येते. बाकीच्यांना रोज सकाळी आरसा.

आता हे एक पातं आलं कुठून, ते बघू.

आपल्याकडे दाढी ही दुसऱ्याने करायची गोष्ट होती. गावचा न्हावी धोकटी घेऊन यायचा, वाटीत पाणी, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा सपासप फिरवायचा, आणि मोबदला सुगीला धान्यात, बलुतं म्हणून. पलटणीबरोबरही लांगरी, भिश्ती, धोबी यांच्यासारखा नाई असायचा. पातं ज्याच्या हातात, त्याच्याकडे थोडी सत्ताही असते. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. मजूर चळवळीतलं त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, वस्तऱ्याची ही गोष्ट कमी लोक सांगतात.

गोऱ्या फौजेचं वेगळंच. हिंदुस्थानी शिपायाच्या मिशा भरघोस आणि साहेबाचं तोंड सफाचट, यात रुबाब जातो असं त्यांना वाटू लागलं, आणि १८५४ मध्ये कंपनीच्या बॉम्बे आर्मीतल्या युरोपियन सैनिकांना मिशी सक्तीची झाली. (त्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि त्याबरोबर हे रायपूरही इंग्रजांकडे गेलं. दोन्हींचा संबंध काही नाही, इथे बसून लिहितोय म्हणून आठवलं.) पुढे सगळ्या ब्रिटिश फौजेत हनुवटी गुळगुळीत आणि वरचा ओठ केसाळ असा नियमच राहिला, तो ऑक्टोबर १९१६ मध्ये जनरल मॅक्रेडी यांनी रद्द केला. त्यांना स्वतःलाही मिशी नको होती म्हणतात.

तोवर अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याने आपलं काम केलं होतं. तो सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच बनवणाऱ्या कंपनीत होता. त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला, की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील असं काही तरी शोध. १८९५ मध्ये आरशासमोर त्याला कल्पना सुचली: पातळ पत्र्याचं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं, बोथट झालं की टाकून द्यायचं पातं. इतका पातळ पत्रा कडक करून त्याला धार लावणं जमणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या इंजिनिअरने ते जमवलं. १९०३ या पहिल्या वर्षी विक्री किती? ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी विक्री ९० हजार रेझरच्या पुढे गेली.

पण घराघरात ते पोचवलं आपल्या जमातीने, सैनिकांनी. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी क्लोरीन सोडला. चार दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन तिथेच लढत होती, आणि जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. पुढे गॅस मास्क आले, आणि मास्क गालाला घट्ट चिकटायला हवा तर मधे दाढी चालत नाही. १९१८ मध्ये अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी जिलेटकडून ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेड घेतले. लढाई संपल्यावर जवान ते रेझर घेऊन घरी गेले आणि ब्लेड आयुष्यभर विकत घेत राहिले.

ते ब्लेड साध्या कार्बन पोलादाचे होते. धार चांगली, पण ओले राहिले की गंज. १९६२ मध्ये इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने, म्हणजे तलवारी बनवणाऱ्यांनी, न गंजणाऱ्या पोलादाचं ब्लेड आणलं आणि धारेवर न चिकटणाऱ्या थराचा मुलामा दिला. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. जिलेटची धांदल उडाली. मग १९७१ मध्ये दोन पाती, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. पातं वाढलं की किंमत वाढते हे गणित मला कळतं. गालाला काय फायदा, ते अजून कळलेलं नाही.

आपल्याकडे मात्र गाडी वेगळ्या रुळावरून गेली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि देशी कारखाने वाढले. कलकत्त्याच्या हरबन्सलाल मल्होत्रा यांच्या कंपनीचा टोपाझ आठवत असेल. त्याच घराण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचा सुपरमॅक्स आमच्या ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये बनायचा. आमच्याकडची सातारा-कोकणातली किती माणसं तेव्हा वागळे इस्टेटच्या पाळ्यांना जात होती! १९८४ मध्ये जिलेट भागीदारीत आली, कारखाना राजस्थानात भिवाडीला, आणि ब्लेड विकलं 'सेव्हन ओ'क्लॉक' या जुन्या नावाने. अशोक आणि भारत ब्लेडने तर आपण पेन्सिली तासल्या. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांतून दुधारी पातं जवळजवळ दिसेनासं झालं तेव्हाही इथल्या पानाच्या टपरीवर ते लटकत होतं. सलूनमध्ये न्हावी तेच कागदासकट मधून मोडून अर्ध्या पात्याचा वस्तरा करतो, हेही त्याच्या टिकण्याचं एक कारण.

दुसरं कारण पाणी. २००२ मध्ये जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. त्याची चाचणी घेतली अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. त्यांच्या बेसिनला नळ होता. इथे माणूस मगभर पाण्यात दाढी करतो आणि पात्यांच्या फटीत अडकलेले केस मगात हलवून निघत नाहीत. हे त्यांना रेझर बाजारात आल्यावर कळलं. मग त्यांची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली आणि २०१० मध्ये आला गार्ड, १५ रुपयांचा, एकाच पात्याचा. उणे तापमानात बंकरमध्ये अर्ध्या मगात ज्यांनी दाढी केलीय त्यांना विचारलं असतं तरी काम झालं असतं!

तर महिन्याभराने, गळा भरल्यावर, पोराला घेऊन पुन्हा पंडरीला गेलो. बसस्टँड आता भाटागावला गेला, पण जुन्या स्टँडच्या आसपास सलूनवाल्यांना माल देणारं एक छोटं दुकान मला सापडलं होतं. एक साधा, दात नसलेल्या बंद कडेचा रेझर घेतला, जड नको आणि हलका नको असा. ब्लेडपाशी गोंधळ झाला. पोरगा म्हणाला, "सर, सबसे तेज वाला ले लेते हैं।" सगळ्या नवख्यांची हीच चूक. जपानच्या फेदरची ख्याती धारेबद्दलच आहे. ती कंपनी १९३२ पासून हेच करते आणि हात बसला की त्याच्यासारखं पातं नाही. पण हात बसलेला नसताना तेच पातं माफ करत नाही. फार बोथटही नको, कारण ते केस ओढतं, आपण दाबतो आणि दाबलं की कातडी सोलते. शंभरचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेण्यातही अर्थ नाही, कारण कुठलं पातं कुणाच्या गालाला मानवेल हे डब्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या पलटणीतल्या दोन सख्ख्या भावांचं एका ब्लेडवर कधी पटलं नाही.

आम्ही चार वेगवेगळ्या कंपन्यांची पाच-पाचची पाकिटं घेतली, सगळी स्टेनलेस. कार्बनची तोंडासाठी नाही घेतली. एकूण खर्च त्याच्या एका कार्ट्रिजपेक्षा फार नव्हता. मग त्याला हुकूम दिला: रेझर तोच, साबण तोच, पाणी कोमट. बदलायचं ते फक्त ब्लेड, आणि एक पाकीट संपेपर्यंत दुसरं उघडायचं नाही. पहिल्या दाढीवरून निकाल द्यायचा नाही, काही पाती दुसऱ्या दिवशी जास्त सरळ चालतात. चार-पाच दाढ्या झाल्या की टाकायचं, चालत असलं तरी. केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ असतो, तरी धारेचे बारीक टवके तोच उडवतो, हे २०२० मध्ये एमआयटीच्याच लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. म्हणून आधी केस भिजवायचा, चांगली दोन-तीन मिनिटं. धार टॉवेलने पुसायची नाही. केसाच्या दिशेनेच फिरवायचं, उलट हात मारायचा नाही, आणि गळ्यावर केस कुठल्या बाजूला झुकतात ते आधी बोटाने चाचपायचं. रेझरचं वजनच पुरे. मनगटाने जोर दिलास तर परेडला पाच चक्कर.

पहिल्या दिवशी त्याने फोटो पाठवला. हनुवटीवर दोन ठिकाणी तुरटीचे पांढरे ठिपके. मला माझं ट्रेनिंग सेंटर आठवलं. तिथे पहाटे चारला एका आरशात सहा जण बघायचो आणि फॉलइनची शिट्टी वाजली की उरलेला अर्धा गाल अंदाजाने.

वापरलेल्या पात्यांचं सांगायचं राहिलं होतं. तो खोलीच्या कचऱ्यात तशीच टाकत होता. कचरा उचलणाऱ्याचा हात त्यात जातो. त्याला पावडरचा रिकामा डबा दिला, झाकणाला फट पाडून. भरला की पत्रा ठोकून बंद करायचा आणि भंगारवाल्याला सांगून द्यायचा.

गेल्या रविवारी तो पुढच्या रांगेत होता. गळ्यावर जुने डाग आहेत, नवी पुळी एखादीच. रांगेसमोरून जाताना थांबलो आणि हळूच विचारलं, "कौन सा जमा?" नजर समोर ठेवूनच म्हणाला, "तीसरा पैकेट, सर। सबसे सस्ता वाला।"

मी ते पाकीट स्वतःही वापरून बघितलं. मला नाही जमलं.